काकाजींनी नापास केलेले सिनेमे

काकाजींनी नापास केलेले सिनेमे मी सध्या एकेक करून पाहते आहे. काही रविवारी संध्याकाळी टीव्हीवर लागतात, काही कोपऱ्यावरच्या व्हिडिओच्या दुकानात मिळतात. सिनेमे फार चांगले नाहीत. पण मी ते सिनेमासाठी पाहत नाही. काकाजींनी सांगितलेलं कारण त्यात आहे की नाही एवढंच शोधते, आणि ते सापडलं की जरा वेळ तशीच बसून राहते. आजवर त्यांचं एकही कारण खोटं निघालेलं नाही.

मागे एकदा ‘रिकाम्या घागरीचा’ पाहिला. सिनेमाचं खरं नाव वेगळं आहे, पण आमच्या गल्लीत खरी नावं कुणी वापरत नसे. नायिका विहिरीवरून डोक्यावर घागर घेऊन येते, वाटेत नायक आडवा येतो, ती गर्रकन वळते आणि गाणं सुरू होतं. काकाजी म्हणाले होते, “घागर रिकामी आहे. भरल्या घागरीची बाई अशी वळत नाही, तिचं आंग भिजते.” मी नीट पाहिलं. नायिका वळली, पुन्हा वळली, पाण्याचा थेंबही सांडला नाही.

काकाजी म्हणजे गोविंदराव घोरमाडे. नागपुरात प्रताप नगरच्या आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वसाहतीत, आम्ही भाड्याने राहायला आलो तेव्हा ते शेजारच्या घरात होते. मूळचे खाप्याचे. कन्हानच्या काठावर त्यांची शेती होती, ती धाकटा भाऊ करायचा. स्वतः काकाजी वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानादुकानांतून हिंडून वजनं तपासायची, तराजूचा काटा मध्यावर येतो की नाही ते बघायचं, आला तर शिक्का मारायचा. उंच, सावळे, चेहऱ्यावर विशेष काही नाही. हसताना मी त्यांना पाहिलेलं नाही आणि रागावतानाही नाही. दुकानदार त्यांना घाबरत. भाजीवाल्या त्यांना पाहताच एक बटाटा आपणहून जास्त टाकत आणि काकाजी तो काढून परत ठेवत. “जास्त देणं हेही कमीच मोजणं आहे,” असं ते म्हणत. याचा अर्थ मला अजून पुरता कळलेला नाही.

सिनेमे पास-नापास करण्याचं काम त्यांच्याकडे आलं ते आम्ही येण्याच्या आधी. ती हकिगत समोरच्या लांजेवारबाईंनी मला सांगितली. ले-आउट नवा होता. गल्लीतलं एक कुटुंब हौसेने नव्या सुनेला घेऊन बर्डीवर, म्हणजे शहरातल्या मोठ्या बाजारात, सिनेमाला गेलं. अलीकडे सासरा, पलीकडे दीर, मध्ये सून. पडद्यावर असं काही आलं की सगळी रांग एकदम खाली वाकून चपला शोधायला लागली. “अर्धा तास चपलाच शोधून राहिले होते बाप्पा,” लांजेवारबाई म्हणाल्या. “सून बिचारी सगळ्यांच्या चपला पायानं पुढे सरकवून देत होती.” त्यानंतर असं ठरलं की घरच्यांना नेण्याआधी कुणीतरी जबाबदार माणसाने सिनेमा पाहून यावा. काकाजी सरकारी नोकर होते, पन्नाशीला टेकले होते, आणि सिनेमा पाहायला जा म्हटल्यावर नाही म्हणाले नव्हते.

तेव्हा शनिवारी कचेऱ्या अर्धा दिवस चालत. काकाजी कचेरीतून सरळ तीनच्या शोला जात आणि दिवेलागणीला सायकलवरून परत येत. सायकल भिंतीला लावत, पाय धूत, तांब्याभर पाणी पीत आणि छपरीतल्या लाकडी खुर्चीत बसत. घरापुढच्या त्या पत्र्याखालच्या जागेत तोवर गल्ली जमलेली असे. कुणी विचारायचं नाही असा रिवाज होता. काकाजी खांद्यावरच्या पंच्याने मान पुसत आणि म्हणत, “जा.” किंवा म्हणत, “नोका जाऊ.” आणि मग एक वाक्य कारण. एकच.

कारणं काहीही असत. एका सिनेमात किराणा दुकानदार इतका सज्जन दाखवला होता की तो गरिबांना धान्य फुकट वाटतो. सगळं शहर तो सिनेमा पाहून रडत होतं. काकाजी म्हणाले, “नोका जाऊ. माणूस इमानदार दाखवला, अन् तराजूले शिक्काच नाही.” शेतकऱ्याचा एक मोठा सिनेमा आला. काकाजी म्हणाले, “एक बैल उंच, एक बुटका. जू कसं बसन?” तोही गेला. उलट डाकूंचा एक सिनेमा आला होता, त्यात मारामारी इतकी की पेपरवाल्यांनीही नाकं मुरडली. काकाजींनी तो पास केला, घरच्यांना दाखवला आणि स्वतः पुन्हा जाऊन आले.

“त्यात डाकूंचा स्वयंपाक करणारा एक माणूस दाखवला आहे,” ते म्हणाले. “नाहीतर बाकीच्या सिनेमांत एवढे माणसं डोंगरावर राहतात, खातात काय ते?”

लांजेवारबाई वाद घालणाऱ्या होत्या. “स्वयंपाक पाहायले आम्ही तिकीट काहून काढावं, काकाजी? घरी काय करून राहिलो आम्ही?”

“घरचा स्वयंपाक तुम्ही करता. तो पाहिला आहे काय कधी?”

 ‘डाकूंच्या स्वयंपाक्याचा’ सगळ्या गल्लीने पाहिला. तो स्वयंपाकी पडद्यावर येऊन भाकरी थापून जाईपर्यंत आमच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. थेटरातले बाकीचे लोक आमच्याकडे वळून पाहत होते.

काकाजींना प्रमिला नावाची एक मुलगी होती, एकुलती. तिचं लग्न वर्धेला झालं होतं. दोन उन्हाळे जायच्या आत जावई काविळीने गेला आणि प्रमिला परत आली. काकाजी स्वतः तिला आणायला गेले होते. येताना तिची ट्रंक त्यांनी हमालाला उचलू दिली नाही. मग ती परिचारिकेचं शिक्षण घेऊन धंतोलीतल्या एका दवाखान्यात लागली. विदर्भभरातून आलेली माणसं तिथे जिन्यावरसुद्धा झोपलेली असत. प्रमिला लेडीज सायकलवर जाई, येताना भाजी आणी, आणि विहिरीवर आपला पांढरा गणवेश धुऊन तारेवर टाकी. बोलायला मोकळी होती, पण सांगायची काही नाही. वडिलांसारखाच चेहरा.

ती परत आल्यानंतर काकाजींचे नापास वाढले. आधी महिन्याचे निम्मे तरी सिनेमे पार पडत. आता टांग्याचं चाक चुकलं म्हणून एक गेला, नळाला हात लावायच्या आधीच पाणी आलं म्हणून दुसरा गेला. ज्याची सगळीकडे वाहवा चालली होती असा नदीकाठचा एक सिनेमा आला. काकाजी त्या दिवशी पाय धुऊन आले, बसले, मान पुसली, पुन्हा पुसली. मग म्हणाले, “नोका जाऊ. पहिल्या गाण्यात नदी डावीकडे वाहते, दुसऱ्यात उजवीकडे. नदीले काय रिटर्न तिकीट आहे?”

पास होत ते लहान मुलांचे, हत्तीचे आणि डाकूंचे. प्रमिलेने त्या वर्षांत जितके डाकू पाहिले तितके पोलिसांनीही पाहिले नसतील.

कोडं उलगडलं ते लांजेवारबाईंच्या जबलपूरच्या बहिणीमुळे. ती बहीण प्रत्येक सिनेमा पाही, आणि माहेरपणाला आली की त्याची गोष्ट सांगे. एके दिवशी लांजेवारबाई माझ्याकडे अंबाडीची भाजी निवडायला येऊन बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “ऐका ना बाई. माझी बहीण सांगून राहिली. टांग्याच्या सिनेमात नवरा मरते. नळाच्या सिनेमात मरते. उलट्या नदीच्या सिनेमात तं सुरुवातीलेच मरते, अन् मंग ती बाई पांढरं नेसून शेवटपर्यंत रडते.”

“मग?”

“मंग काय?” त्यांनी कुंपणापलीकडे पाहिलं. तारेवर प्रमिलेचा गणवेश वाळत होता. “पोट्टी घरात आहे ना बाप्पा.”

आम्ही दोघी भाजी निवडत राहिलो. काकाजी नवरा मरतो म्हणून नापास करत होते, पण तसं म्हणत नव्हते. आणि खोटंही बोलत नव्हते. त्यांनी खोटा शिक्का आयुष्यात कधी मारला नव्हता. तीन तास बसून ते त्या सिनेमात काहीतरी खरंखुरं चुकीचं शोधून काढत आणि तेवढंच सांगत. नवरा कुणाचा मरतो हा विषय त्यांच्या छपरीत कधी आलाच नाही. प्रमिला दवाखान्यात माणसं मरताना पाहत होती, त्यांचे डोळे मिटत होती, त्यांच्या बायकांना पाणी देत होती. पण तो भाग काकाजींच्या हद्दीबाहेरचा होता.

त्या दिवसापासून गल्लीतल्या बायकांनी त्यांच्या कारणांवर वाद घालणं सोडलं. काकाजी नदी म्हणाले की सगळ्या नदीच म्हणत. अडचण एवढीच होती की त्या काळी नवरा मारल्याशिवाय सिनेमा काढणं लोकांना जमत नव्हतं. काकाजींचं ऐकायचं तर पाहण्यासारखं काही उरेना. मग संक्रांत आली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका हळदीकुंकवाला जातात, कुठे जातात हे पुरुष विचारत नाहीत. लांजेवारबाईंनी ‘बर्डीवर एका ओळखीच्या बाईंकडे हळदीकुंकू आहे’ असं जाहीर केलं आणि आम्ही चार-पाच जणी दुपारच्या शोला गेलो. टांग्याचा सिनेमा पाहिला. घरी वाण म्हणून दाखवायला काहीतरी हवं, म्हणून येताना संत्री घेतली. पुढच्या आठवड्यात त्या बाईंच्या जावेकडे हळदीकुंकू निघालं. पुन्हा संत्री. मग जावेच्या बहिणीकडे.

‘उलटी नदी’ मोठ्या थेटरातून उतरून शहराबाहेरच्या एका जुन्या थेटरात आली होती. आम्ही तिघी-चौघी नटूनथटून काकाजींच्या फाटकापुढे रिक्षाची वाट पाहत उभ्या होतो. काकाजी कचेरीत गेलेले. दारात काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, तीळ पाखडत बसल्या होत्या. काकू फारशा बोलत नसत. प्रमिलेला त्या दिवशी सुट्टी होती. ती विहिरीवर कपडे धूत होती, आमच्याकडे पाठ करून. हळदीकुंकवाला निघालेल्या बायकांकडे पाठ करणं तिला सवयीचं झालं असावं.

काकूंनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “आमच्या पमीलेही घेऊन जा ना वं हळदीकुंकवाले.”

 विधवेला हळदीकुंकवाला ने असं कुणाची आई कुणाला म्हणत नाही. प्रमिलेने हातातला कपडा पिळायचा थांबवला होता. काकू आमच्याकडे सरळ पाहत होत्या. संत्री त्यांनाही मिळाली होती, आणि ती कुठल्या हळदीकुंकवाची हे त्यांनी ओळखलं होतं.

लांजेवारबाई म्हणाल्या, “चाल वं पमे, लवकर. तिकिटं संपतात.”

प्रमिला ओल्या पदरानेच आली. मी तिच्या शेजारी बसले होते, म्हणून जे घडलं ते मला नीट आठवतं. पडद्यावर नवरा खोकू लागला तशी आमची सगळी रांग सिनेमा सोडून प्रमिलेकडे पाहू लागली. ती शेंगदाणे खात होती. नवरा गेला. लांजेवारबाईंनी पदर तोंडात कोंबला. पांढऱ्या साडीतली बाई नदीकाठी बसून गाऊ लागली, आणि गाणं संपल्यावरही बसून राहिली. प्रमिला जरा पुढे झुकली. तिचं लक्ष होतं.

 शो सुटल्यावर रिक्षात लांजेवारबाईंनी नाक पुसत विचारलं, “कसा वाटला वं?”

“बेकार,” प्रमिला म्हणाली. “दिवसभर नदीवर बसून राहते बाई. हिच्या घरी कामं कोण करून राहिलं?”

“तेवढंच?”

“आणि त्याच्या कपाळावरची पट्टी कोरडी होती. ताप उतरेल कसा?” मग थोड्या वेळाने, रिक्षा गल्लीत वळायच्या आधी, ती म्हणाली, “बाबांना सांगू नका कोणी. त्यांना वाईट वाटेल.”

त्या वर्षी आमच्याकडची हळदीकुंकवं महाशिवरात्र आली तरी संपली नाहीत. काकाजी एकदा फळांची टोपली पाहून म्हणाले, “यंदा सगळ्याच बायांनी संत्रेच वाटले काय?” काकू म्हणाल्या, “स्वस्त आहेत.” काकाजींनी एक संत्रं हातात घेतलं, तोलून पाहिलं आणि ठेवून दिलं.

टीव्ही नागपुरात आला तेव्हा काकाजी निवृत्त झालेले होते. गल्लीतला पहिला संच त्यांच्याच घरी आला, प्रमिलेने घेतला. काकाजींना तो पसंत नव्हता. त्यांची हरकत तत्त्वाची होती. “सिनेमा पाहायले आपण जातो. हे तं सरळ घरात घुसते. आधी पाहायचं कोणी?” यावर उपाय म्हणून त्यांनी संचाशेजारी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर बसू लागले, तोंड आमच्याकडे आणि एक हात बटणापाशी. मान वाकडी करून ते पडदा पाहत. आम्ही सगळे खाली सतरंजीवर.

टीव्हीबद्दल त्यांची मतं अशी. शेतीचा कार्यक्रम बरा, पण तो भाताचा, आपल्याकडे कापूस. बातम्या सांगणारी बाई चांगली, पण तिला कुणी पाणी देत नाही. मालिका मात्र त्यांना अजिबात पटल्या नाहीत. प्रत्येक भागाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावी आणि दार उघडायच्या आत भाग संपे. “दार उघडायले आठवडा लागते,” काकाजी म्हणत. “पाहुणा तोवर उभा राहते काय बाहेर?” त्यांना मनापासून आवडे ती व्यत्ययाबद्दल दिलगिरी सांगणारी पाटी. चित्र गेलं आणि ती आली की ते स्टुलावर सैल होत. “हा एक कार्यक्रम खरा आहे,” ते म्हणत.

रविवारी सिनेमा असे. जुने सिनेमे, म्हणजे काकाजींना पाठ. आणि सिनेमातला नवरा पहिल्यांदा खोकला की काकाजी उठत. “व्होल्टेज कमी आहे. ट्यूब जाईन.” बटण बंद. थोड्या वेळाने, अंदाज घेऊन, पुन्हा चालू. तोवर नवऱ्याच्या तसबिरीला हार लागलेला असे आणि मुलं एकदम मोठी झालेली असत. गल्लीतल्या पोट्ट्यांनी म्हणच केली होती, खोकला आला की व्होल्टेज जाते. आम्ही मोठी माणसं त्यांना दटावत असू आणि गोष्टीचा मधला तुकडा आपापल्या मनाने जोडून घेत असू.

मे महिन्यातल्या एका रविवारी उलटी नदी लागली. पाट्या सुरू होताच काकाजींनी ओळखली. ते स्टुलावर ताठ झाले. संवाद ऐकू यावेत म्हणून कूलर बंद ठेवलेला होता, खोलीत सगळे घामाने निथळत होते. काकू भिंतीशी बसून चिंच फोडत होत्या. प्रमिला दाराजवळ, नुकतीच ड्यूटीवरून आलेली. नवऱ्याने पडद्यावर तोंडाशी रुमाल नेला. अजून तो खोकलाही नव्हता. काकाजी उठले.

“व्होल्टेज...”

“बसा बाबा,” प्रमिला म्हणाली. “व्होल्टेज ठीक आहे.”

“स्टॅबिलायझरचा काटा पाहिला काय तू?”

“पाहिला. आणि हा सिनेमाही पाहिला आहे मी.”

नवरा खोकला. 

“कवा?” काकाजींनी विचारलं.

“खूप वर्षं झाली. हळदीकुंकवाला गेलो होतो ना आम्ही, तेव्हा.”

काकाजी तिच्याकडे पाहत राहिले. मग लांजेवारबाईंकडे पाहिलं. त्या सतरंजीची दशी ओढत होत्या. मग माझ्याकडे, आणि शेवटी काकूंकडे. काकूंनी एक चिंचोका काढून वेगळा टाकला.

“म्हणजे ते संत्रे...”

“बर्डीवरचे,” काकू म्हणाल्या.

काकाजी परत स्टुलावर बसले. हात बटणापाशीच होता, पण त्यांनी ते फिरवलं नाही. पडद्यावर नवरा मेला. आमच्यापैकी कुणी तिकडे पाहत नव्हतं, सगळे काकाजींकडे पाहत होतो. ते मान वाकडी करून पडद्याकडे पाहत होते. बाई पांढरं नेसली, नदीवर आली, गाऊ लागली. गाणं बरंच मोठं आहे. मधेच ते काहीतरी पुटपुटले. प्रमिला म्हणाली, “काय बाबा?”

“नदी उलटी वाहते का नाही?”

“वाहते, बाबा.”

“तेच सांगून राहिलो होतो मी,” काकाजी म्हणाले, आणि पंच्याने डोळे पुसले. कूलरच्या हवेने डोळ्यांतून पाणी येतं म्हणाले. कूलर बंद आहे हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर व्होल्टेज कधी गेलं नाही. स्टूल काही दिवसांनी माजघरात गेलं आणि काकाजी आमच्याबरोबर सतरंजीवर बसू लागले. पास-नापास करणारं कुणी उरलं नव्हतं. गल्लीतल्या नव्या सुना नवऱ्याबरोबर वाटेल तो सिनेमा पाहून येत. चपला कुणी शोधत नसे.

पुढे काकू गेल्या. त्यानंतर काकाजींचं हृदय अशक्त झालं. प्रमिलेच्याच दवाखान्यात ते काही दिवस राहिले आणि घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी मनाला त्रास होईल असं काही नको, असं बजावलं होतं. काकाजींना मात्र थेटरात जायचं होतं. “टीव्हीवर माणूस लहान होते,” ते म्हणत. प्रमिलेने मग एक पद्धत पाडली. पद्धत नवी नव्हती. सुट्टीच्या दिवशी ती स्वतः दुपारचा शो पाहून येई, आणि सिनेमा ठीक असला तर दुसऱ्या दिवशी त्यांना रिक्षातून घेऊन जाई. मागच्या रांगेत, दाराजवळ. एक विनोदी पाहिला, एक हत्तीचा पाहिला.

त्यांना शेवटचं पाहिलं ती संध्याकाळ अशी. माझी बदली भंडाऱ्याच्या शाळेत झाली होती, सामान बांधून झालं होतं, मी निरोप घ्यायला गेले होते. थंडी पडायला लागली होती. काकाजी छपरीत त्याच लाकडी खुर्चीत होते, गुडघ्यावर शाल, खांद्यावर पंचा. माझ्याशी भंडाऱ्याच्या तांदळाबद्दल बोलत होते. तेवढ्यात प्रमिला सायकल घेऊन फाटकातून आली. तिचेही केस कानाशी पांढरे झाले होते. तिने सायकल भिंतीला लावली, विहिरीवर जाऊन पाय धुतले, आत जाऊन पाणी प्यायली आणि येऊन पायरीवर बसली. त्या दिवशी ती जो सिनेमा पाहून आली होती त्याच्यासाठी शहरात रांगा लागल्या होत्या. मुलीला एकट्याने वाढवलेल्या एका बापाची गोष्ट होती.

कुणी विचारायचं नाही हा रिवाज काकाजी विसरले. “काय वं? कसा आहे?”

“नाही जमला, बाबा.”

“काहून?”

प्रमिलेने पायाच्या बोटांकडे पाहिलं. वाटेत काही सुचलं नसावं. तिने दवाखान्यात कितीतरी माणसांना कितीतरी गोष्टी शांतपणे सांगितल्या होत्या, पण इथे तिला वेळ लागला.

“त्यात एक किराणा दुकान आहे,” ती म्हणाली. “दुकानात तराजू आहे. तराजूला शिक्का नाही.”

काकाजींनी तिच्याकडे पाहिलं. दुकानदाराने पुढे केलेल्या वजनाकडे ते जसे पाहत तसे, घाई न करता.

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही. मी नीट पाहिलं.”

 काकाजींनी खांद्यावरचा पंचा काढला आणि पुढे वाकून तिच्या हातात दिला. तिचे पाय ओले होते.

“मंग नाही जाऊ,” ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्हीही नोका जाऊ, मास्तरीणबाई. तराजूले शिक्का नसन तं पुढे पाहायचं काय?”

तो सिनेमा मी दोनच दिवसांपूर्वी शाळेतल्या बायकांबरोबर पाहिला होता. त्यात तराजू नाही. किराणा दुकानही नाही.

“नाही जात, काकाजी,” मी म्हटलं.